करोनात तुमच्या गावाकडे कोणी लक्ष दिलं? उपकेंद्र, आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आठवणी लिहूया

माणगंगा:

करोनाचा विषय निघाला की व्हेंटिलेटर, रेमडेसिव्हिर, ऑक्सिजनचे टँकर आणि शहरांतली जम्बो सेंटरं यांवरच बोलणं होतं. त्या गोष्टी मोठ्या होत्याच. पण लागण झालेली बहुतेक माणसं हॉस्पिटलची पायरी न चढताच बरी झाली. कोणी घरात, कोणी झेडपीच्या शाळेत, कोणी रानातल्या वस्तीवर. त्यांची रोज विचारपूस कोण करत होतं, कोणाला आता हलवायला हवं हे कोण ठरवत होतं, याची नोंद फारशी कुठे नाही. ती इथे व्हावी म्हणून हा धागा काढतोय.

मी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात आरोग्य सहाय्यक होतो, आता निवृत्त आहे. ज्यांना ही व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधारण ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० ला. तिथे आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक. ३०,००० लोकवस्तीला प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी भागात २०,००० ला. तिथे डॉक्टर, औषधनिर्माता, लॅब आणि लसीचा फ्रीज. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय. आणि सगळ्यांत खाली, म्हणजे लोकांच्या सगळ्यांत जवळ, हजार लोकवस्तीमागे एक आशा. ती बहुतेकदा त्याच गावची सून असते. राज्यात अशा १,८०० हून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि दहा हजारांवर उपकेंद्रं आहेत. हे जाळं करोनासाठी विणलेलं नव्हतं. बाळंतपणं, लसीकरण, हिवताप, क्षयरोग, पाण्याचे नमुने यांसाठी ते होतं. म्हणूनच ते मार्च २०२० मध्ये लगेच कामाला लागलं. घरं माहीत होती, माणसं माहीत होती.

आमच्याकडची माणसं पोटासाठी बाहेर. कोणी मुंबईत माथाडी, कोणी देशभर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात. मे २०२० मध्ये ती परत यायला लागली तेव्हा गावं बिथरली. वेशीवर काटेरी झुडपं टाकली होती लोकांनी. सख्ख्या भावाला घरात घेईनात. शाळेत विलगीकरण करायचं ठरलं. पण शाळेत राहणाऱ्यांना जेवण कोण देणार, संडासाला पाणी कुठून, साखरेचा पेशंट असेल तर त्याच्या गोळ्या कोण आणणार? पुस्तकातल्या सूचनांत हे काहीच नव्हतं. जेवण घरच्यांनी कंपाउंडबाहेर ठेवायचं, पाण्याचा टँकर ग्रामपंचायतीने लावायचा, गोळ्या केंद्रातून सेवकाने न्यायच्या, असं हळूहळू बसवलं. आशाताई रोज दोनदा जाऊन थर्मल गनने ताप बघायची आणि रजिस्टरला लिहायची. दहा-बारा दिवसांत वेशीवरची झुडपंही निघाली, कारण लोकांनी डोळ्यांनी बघितलं की शाळेतली माणसं धडधाकट आहेत.

माझं म्हणणं एकच आहे. रोगाची साथ गावात शिरते तेव्हा सगळ्यांत आधी कामी येतं ते ओळखीचं माणूस, आणि त्याच्या पाठीमागे उभी असलेली व्यवस्था. दोन्ही पाहिजेत. तुमच्या भागात हे कसं झालं? चांगलं-वाईट दोन्ही लिहा. कुठल्या कर्मचाऱ्याचं किंवा पेशंटचं नाव मात्र नको.

कृष्णाकाठ:

फार चांगला धागा. माझी आई आशा आहे, अजूनही काम करते. तिच्याबरोबर फिरले आहे म्हणून जवळून बघितलेलं लिहिते.

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम १५ सप्टेंबर २०२० ला सुरू झाली आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दोन फेऱ्यांत चालली. आरोग्याचं एक माणूस आणि दोन स्वयंसेवक, दिवसाला ५० घरं. स्वयंसेवक मिळायचे कागदावर. पुष्कळ गावांत आई आणि माझ्यासारखी कोणीतरी घरचीच पोर. ५० घरं म्हणजे सकाळी सातला निघायचं, कारण नऊनंतर माणसं रानात जातात, आणि उरलेली घरं पुन्हा संध्याकाळी.

ऑक्सिमीटर लावणं ऐकायला सोपं वाटतं. शेतात काम करणाऱ्या म्हातारीच्या बोटाचं टोक जाड, भेगाळलेलं, त्यात थंडी. आकडा येतच नाही, नाहीतर ८२ दाखवतं आणि घरात रडारड सुरू. आई आधी तिचे हात स्वतःच्या हातात घेऊन चोळायची, मग दुसरं बोट बघायची. नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर तसंच. एक मिनिट थांबून आकडा स्थिर झाला की मगच लिहायची. ९५ च्या खाली आला की लगेच सिस्टरला फोन. ९५ किंवा वर असला तरी शंका आली तर अंगणात सहा मिनिटं चालायला लावायचं आणि परत बघायचं, तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला तरी फोन. हे तिला एका दिवसाच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण हात चोळायचं तिचं तिने शोधलं.

आणि माणसं खरं सांगायची नाहीत. ताप आहे म्हटलं की उचलून नेतील ही भीती. आई कधी 'ताप आहे का' असं विचारायची नाही. 'काल रानात गेला न्हाईस व्हय?', 'भाकरी कडू लागतीया का?' असं विचारायची. घरात कोणाचं ताट वेगळं ठेवलंय हे तिला उंबऱ्यातून कळायचं. बाहेरून आलेल्या माणसाला हे जमलं नसतं.

रानवाटा:

ताई, सुंदर लिहिलंत. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

खडकवासी:

चांगलं लिहिताय सगळे, पण दुसरी बाजूही नोंदवतो. आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, एकच डॉक्टर होता. दुसरं पद रिकामं. तो डॉक्टर स्वतः पॉझिटिव्ह आला आणि केंद्र तीन दिवस जवळजवळ बंद. माझ्या काकांना ताप आला, गावातल्या खाजगी दवाखान्यात चार दिवस सलाइन आणि टायफॉइडची ट्रीटमेंट झाली, टेस्ट कोणी केलीच नाही. पाचव्या दिवशी दम लागला. तालुक्याला बेड नव्हता, जिल्ह्याला नेताना वाटेत गेले. त्या वेळी आमच्या वस्तीवर आशा फिरकली नव्हती, कारण ती लसीकरणाच्या केंद्रावर गर्दी आवरायला बसवलेली होती. तिला मी दोष देत नाही. पण जाळं होतं म्हणताना त्याला किती भोकं होती तेही लिहिलं पाहिजे.

माणगंगा:

खडकवासी, तुमच्या काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत हे फार महत्त्वाचं आहे.

तुमच्या एका वाक्यात दुसऱ्या लाटेचं मर्म आहे. पहिल्या लाटेत आशा घरोघर होती. दुसऱ्या लाटेच्या तोंडावर लसीकरण सुरू झालं (१६ जानेवारी २०२१ पासून आरोग्य कर्मचारी, १ मार्चपासून साठीच्या पुढचे, १ एप्रिलपासून ४५ च्या पुढचे सगळे) आणि तीच माणसं तिकडे ओढली गेली. काम दुप्पट, माणसं तेवढीच. आमच्याकडेही घरभेटी त्या काळात पातळ झाल्या होत्या.

टायफॉइडची ट्रीटमेंट ही तर घरोघरची कथा. विडाल टेस्ट थोडी जरी पॉझिटिव्ह आली की टायफॉइड. लोकांनाही तेच ऐकायचं असायचं, कारण टायफॉइड म्हटलं की कोणी वाळीत टाकत नाही. आमच्या डॉक्टरांनी त्यावर एक गोष्ट केली. केंद्राच्या हद्दीतल्या सगळ्या खाजगी डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना बोलावून सांगितलं की तापाचा पेशंट आला की नुसतं नाव आणि मोबाइल नंबर कळवा, बाकी आमच्यावर सोडा. सगळ्यांनी ऐकलं नाही. पण मेडिकलवाल्यांनी बऱ्यापैकी ऐकलं, आणि पॅरासिटामॉलची स्ट्रिप कोणत्या घरात जास्त जातेय ते कळायला लागलं. आशाताई दुसऱ्या दिवशी तिथे जायची.

नर्मदातीर:

मी एमबीबीएसनंतरचं बंधपत्राचं वर्ष नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात काढलं, करोनाच्याच काळात. त्या भागाचं थोडं लिहितो, कारण पश्चिम महाराष्ट्रातलं 'गाव' आणि तिथलं 'गाव' यांत फार अंतर आहे. एका गावाचे आठ-दहा पाडे, एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला एक टेकडी उतरून दुसरी चढायची. नर्मदेच्या काठावरच्या पाड्यांना तर सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे रस्ताच नाही, तिथे बोट अँब्युलन्स. मोबाइलला रेंज नाही, म्हणजे टेलिमेडिसिन, अॅप, सगळं डोंगराच्या खाली राहिलं.

नंदुरबारचं नाव देशभर झालं ते ऑक्सिजन प्लांटमुळे. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच प्लांट उभे करायला घेतले होते, त्यामुळे एप्रिल २०२१ मध्ये शेजारच्या जिल्ह्यांतूनही पेशंट नंदुरबारला येत होते. याचं श्रेय द्यायलाच हवं. भारूड स्वतः डॉक्टर, आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या भिल्ल समाजातून आलेले, त्यामुळे लोकांशी त्यांच्या भाषेत बोलत.

पण धडगाव-अक्कलकुवाकडच्या पाड्यांवर खरा प्रश्न ऑक्सिजनच्या आधीचा होता. पेशंट खाली येतच नव्हता. दवाखान्यात गेलं की माणूस परत येत नाही, प्रेतही देत नाहीत, ही भीती पक्की बसली होती. प्रेतावरचे आणि अंत्यविधीवरचे निर्बंध साथीचे होते, पण ज्या समाजात अंत्यविधी पाड्याने मिळून करायचा असतो तिथे त्यांचा अर्थ काय लावला जाईल याचा विचार नियम करणाऱ्याने केला नव्हता. लसीबद्दल तर विचारू नका. लस घेतली की दोन वर्षांत मरण येतं हे व्हॉट्सअॅपवरून फिरत होतं, आणि जिथे रेंज नाही तिथे ते तोंडी पोचलं होतं.

तिथे जे उपयोगी पडलं ते सांगतो. आमच्या केंद्रातल्या पावरी बोलणाऱ्या आरोग्य सेविकेने आधी स्वतः लस घेतली, मग तिच्या सासूला दिली, आणि पुढचे दोन आठवडे सासूला घेऊन आठवडी बाजारात फिरली. भाषण नाही, काही नाही. 'ही बघा, चालतेय.' मग पाड्याच्या कारभाऱ्याने घेतली. ज्या पाड्यावर आम्ही गाडी भरून अधिकारी घेऊन गेलो होतो तिथे माणसं जंगलात निघून गेली होती, त्याच पाड्यावर ही बाई एकटी गेली तेव्हा अंगणात बसून ऐकलं त्यांनी.

चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविकेची बातमी बऱ्याच जणांनी वाचली असेल. लॉकडाऊनमध्ये पाड्यांवरची माणसं अंगणवाडीत यायची बंद झाली तेव्हा ती स्वतः होडी वल्हवत, १८ किलोमीटरवरच्या पाड्यांवर गरोदर बायका आणि बाळांना बघायला जायची. तिचं कौतुक झालं, योग्यच झालं. मला मात्र तेव्हा सारखं वाटायचं की त्या पाड्यांना स्वतःचं उपकेंद्र आणि बोट असती तर तिला वल्हं हातात घ्यावं लागलं नसतं.

कृष्णाकाठ:

लसीकरणाचं निघालंच आहे तर. कोविशिल्डच्या एका कुपीत १० डोस. कुपी फोडली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. म्हणजे उपकेंद्रावर सात माणसं आली की सिस्टर कुपी फोडायला तयार नसायची आणि सात माणसं दोन तास खोळंबलेली. आईच्या फोनमध्ये 'लस राहिलेले' म्हणून यादी होती. तीन कमी आहेत म्हटलं की ती त्या यादीतून जवळच्या घरांना फोन लावायची, नाहीतर मला गाडीवर पाठवायची. दाढी अर्धी झालेला एक मामा तसाच टॉवेल खांद्यावर टाकून आला होता. एकही डोस वाया गेला नाही म्हणून त्या उपकेंद्राचं तालुक्याच्या मीटिंगमध्ये नाव घेतलं. आईचं नव्हतं घेतलं.

१ मे २०२१ ला १८ वर्षांपुढच्यांना लस खुली झाली तेव्हा मोबाइलवर नोंदणी सक्तीची होती. स्लॉट उघडला की दोन मिनिटांत बुक, आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर शहरातल्या गाड्या. गावातली पोरं बाजूला उभी. त्यावरून भांडणं झाली, आणि ती झेलायला पुढे आशाताई आणि सिस्टरच.

सेतुबंध:

मुंबईचं थोडं. शहरात 'घर ओळखीचं' ही गोष्टच अवघड. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. दोन-अडीच चौरस किलोमीटरात साडेआठ लाखांच्या आसपास माणसं, एका खोलीत आठ जण, संडास सार्वजनिक. तिथे घरी विलगीकरण म्हणणं हाच विनोद झाला असता. महापालिकेने मग उलट्या बाजूने सुरुवात केली. पेशंट यायची वाट न बघता ताप असलेली माणसं शोधत घरोघर जायचं. आणि यात वस्तीतल्या खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतलं. हे डॉक्टर तिथे वर्षानुवर्षं पन्नास-शंभर रुपयांत औषध देणारे. लोकांनी दार उघडलं ते त्यांना बघून. शाळा, लग्नाचे हॉल, क्रीडा संकुल यांची विलगीकरण केंद्रं झाली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीही धारावीचं नाव घेतलं.

पुढे २४ वॉर्डांत २४ वॉर रूम झाल्या. बेड कोणाला द्यायचा हे वॉर्डातूनच ठरायला लागलं, एका मध्यवर्ती नंबरवर लाखो फोन जायचे बंद झाले. पण सुधारणा झाली तरी मला एक गोष्ट खटकते. ग्रामीण भागात जशी आशा आणि उपकेंद्र आहे तशी शहरातल्या वस्तीत पक्की रचना नाही. आरोग्य सेविका आहेत, कष्टही भरपूर करतात, पण माणसांची संख्या आणि त्यांची संख्या यांचा मेळ बसत नाही. धारावीत डॉक्टरांची जुनी ओळख होती म्हणून निभावलं. जिथे तशी ओळख नव्हती, नव्या टॉवरमध्ये किंवा भाडेकरूंच्या चाळीत, तिथे माणूस एकटाच फोन फिरवत बसला.

यारा_मेलबर्न:

धागा वाचतेय पहिल्यापासून. मी मेलबर्नमध्ये कम्युनिटी हेल्थमध्ये काम करते, म्हणून इथलं लिहायचा मोह होतोय. विषयांतर वाटलं तर सांगा.

ऑस्ट्रेलियात जुलै २०१५ पासून 'प्रायमरी हेल्थ नेटवर्क' अशी रचना आहे, देशभर ३१. ही नेटवर्कं स्वतः दवाखाने चालवत नाहीत. आपापल्या भागातले फॅमिली डॉक्टर, नर्सेस, मानसिक आरोग्याच्या सेवा, वृद्धाश्रम यांना जोडायचं, कुठे काय कमी आहे ते बघून तिथे सेवा विकत घ्यायची, हे त्यांचं काम. २०२० च्या सुरुवातीला फॅमिली डॉक्टरांना मास्क मिळत नव्हते तेव्हा सरकारी साठ्यातले मास्क याच नेटवर्कांमार्फत वाटले गेले. सर्दी-तापासाठी वेगळी रेस्पिरेटरी क्लिनिकं कुठे काढायची हेही त्यांच्या मदतीने ठरलं. आणि व्हिक्टोरिया राज्यात पॉझिटिव्ह माणसाला घरीच ठेवून रोज फोन करायचा, ऑक्सिमीटर घरपोच द्यायचा, जोखीम वाढली तर फॅमिली डॉक्टरकडून हॉस्पिटलकडे सोपवायचं, असा मार्ग बसवला. त्याच फोनवर घरात खायला आहे का, भाडं थकलंय का, हेही विचारलं जायचं.

पण सगळ्यांत जास्त शिकवलं ते ४ जुलै २०२० ने. फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नमधले सरकारी घरांचे नऊ टॉवर, सुमारे ३,००० माणसं, दुपारी घोषणा आणि त्याच क्षणी बाहेर पोलीस. बहुतेक कुटुंबं पूर्व आफ्रिकेतून, व्हिएतनाममधून आलेली. कित्येकांना आपल्याला का कोंडलंय हे त्यांच्या भाषेत कळायलाच वेळ गेला. बाळाचं दूध, रोजची औषधं यांची आबाळ झाली. राज्याच्या ऑम्बुड्समननी (सरकारी कारभाराच्या तक्रारी बघणारा अधिकारी) नंतर स्पष्ट म्हटलं की त्या तडकाफडकी कोंडण्यामुळे माणसांच्या हक्कांचा भंग झाला. त्यानंतर त्याच टॉवरमधल्या रहिवाशांना कामावर घेऊन खाली टेबल टाकून बसवलं. शेजारची बाई सोमालीत सांगते की टेस्ट अशी होते, सॅनिटायझर हा घे, वर काही लागलं तर मला सांग. मला त्या वेळी आपल्या आशाताईच आठवल्या. श्रीमंत देशाला ही गोष्ट साथ आल्यावर नव्याने उभी करावी लागली. आपल्याकडे ती आधीपासून आहे. फरक इतकाच की इथे त्या बाईला तासावर पूर्ण पगार मिळाला.

माणगंगा:

विषयांतर कसलं, अगदी विषयाचंच आहे. 'खायला आहे का' हा प्रश्न फार मोलाचा. आमच्याकडे हा प्रश्न सरकारी फॉर्ममध्ये नव्हता, पण बायका विचारायच्याच.

गावशीव:

पगाराचं ताईंनी काढलंच आहे तर आकडे मांडतो. आशा म्हणजे कर्मचारी नाही, 'स्वयंसेविका'. कामावर आधारित मोबदला. करोनाच्या कामाचे केंद्र सरकारकडून महिन्याला १,००० रुपये. जुलै २०२० पासून राज्याने आशांना २,००० आणि गटप्रवर्तकांना (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) ३,००० वाढवले. १५ जून २०२१ ला राज्यातल्या सुमारे ७०,००० आशा संपावर गेल्या. दुसरी लाट पुरती उतरलेली नव्हती, 'हीच वेळ सापडली का' म्हणून त्यांना नावं ठेवणारे खूप होते. आठवडाभराने १,००० रुपये वाढ आणि ५०० करोना भत्ता यावर संप मिटला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांना जागतिक नेतृत्वाचा पुरस्कार दिला. आणि २०२३ च्या शेवटी पुन्हा संप, आझाद मैदानात ठिय्या, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये ५,००० वाढीचा निर्णय निघाला. पुरस्कारानंतरही त्यांना मैदानात बसावं लागलं, ही लाज आपल्या सगळ्यांची आहे.

५० लाखांचा विमा होता करोनात मेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी, आशाही त्यात होत्या. पण ड्युटीमुळेच लागण झाली हे कागदाने सिद्ध करा म्हटल्यावर कित्येक घरं दमून गेली. घरोघर फिरणाऱ्या बाईने कुठल्या घरातून लागण झाली याचा दाखला कुठून आणायचा?

खडकवासी:

गावशीव, अनुमोदन.

एक वादाचा मुद्दा मांडू का? २५ मे २०२१ ला राज्याने १८ जिल्ह्यांत होम आयसोलेशन बंद करून सगळ्यांना कोविड केअर सेंटरमध्ये जायला सांगितलं. माझ्या मते तो निर्णय चुकला. लोकांनी टेस्टच करणं बंद केलं.

नर्मदातीर:

दोन्ही बाजू बघितल्यात. दोन खोल्यांच्या घरात नऊ माणसं आणि एकच न्हाणी असेल तर घरी विलगीकरण कागदावरच राहतं. अख्खं घर पॉझिटिव्ह झालेलं मी पाहिलं आहे. पण तालुक्याच्या सेंटरला नेणार म्हटलं की माणूस ताप लपवतो हेही खरं. जिथे सेंटर गावातच, शाळेत झालं, तिथे भीती निम्म्याने उतरली. त्याच सुमाराला ग्रामपंचायतींना पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून २५ टक्क्यांपर्यंत रक्कम यासाठी वापरायची मुभा मिळाली आणि ३० खाटांची गावसेंटरं उभी राहिली. घरचा डबा, खिडकीतून दिसणारी स्वतःची म्हैस, संध्याकाळी गेटवर येणारी नातवंडं. माणूस राहतो तिथे. औषधं आणि डॉक्टरची फेरी केंद्राची, बाकी गावाचं. निर्णय जिल्ह्यावर लादण्याऐवजी गावाची तयारी बघून घेतला असता तर वाद झाला नसता.

माणगंगा:

सहमत. हिवरे बाजार मे २०२१ मध्ये करोनामुक्त झालं. पोपटराव पवारांनी पथकं करून घरोघर तपासणी केली आणि लागण झालेल्याला लगेच वेगळं ठेवलं. सोलापूर जिल्ह्यात घाटणे आणि अंत्रोळीच्या तरुण सरपंचांनीही तेच केलं, मुख्यमंत्र्यांनी ३० मेच्या भाषणात या गावांचा उल्लेख केला होता. त्या सगळ्या गावांत आशा, सेवक, शिक्षक आणि ग्रामपंचायत एका यादीवर काम करत होते. करोनामुक्त गावांसाठी सरकारची बक्षिसाची स्पर्धा त्यानंतर आली, जूनमध्ये.

दवबिंदू:

वाचतेय, आता लिहिते. मी क्षयरोगाच्या कार्यक्रमात काम करते. करोनात जे दिसलं नाही त्याबद्दल. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. सहा लाख माणसांचा क्षय बरा नव्हता झाला, ती सापडलीच नाहीत. खोकला म्हटलं की करोनाची टेस्ट, ती निगेटिव्ह आली की घरी. थुंकी तपासायची राहून गेली, आणि तपासणारी मशिनं आणि तंत्रज्ञही करोनाकडे वळवलेले होते.

एका तालुक्यात (नाव देत नाही) एप्रिल २०२० मध्ये जिल्हाबंदीमुळे गोळ्या पोचत नव्हत्या. क्षयाचं औषध मध्येच तुटलं तर जंतू पक्का होतो, मग ट्रीटमेंट दोन-दोन वर्षं. तिथल्या उपचार पर्यवेक्षकाने दुधाच्या टेम्पोवाल्याला गाठलं, कारण दुधाला पास होता. नावं घातलेली पाकिटं कॅनच्या बाजूला ठेवून गावोगाव गेली आणि डेअरीवरून आशांनी उचलली. त्या तालुक्यात औषध कोणाचं तुटलं नाही.

सांगायचं कारण, प्राथमिक आरोग्याचं जाळं साथीच्या कामाला पूर्ण जुंपलं की बाकीचे रोग मागच्या दाराने येतात. दर साथीला आधी ठरवून ठेवावं की केंद्रातली कोणती माणसं कोणत्याही परिस्थितीत साथीकडे वळवायची नाहीत. बाळंतपण, बाळांचं लसीकरण, क्षयरोग, डायलिसिस आणि मधुमेहाच्या गोळ्या. एवढं तरी.

कृष्णाकाठ:

हे अगदी खरं. आईच्या रजिस्टरमध्ये जून २०२० च्या पानांवर बाळांच्या लसींच्या पुढे 'राहिली' असं लिहिलंय बरेचदा. नंतर सगळी शोधून पूर्ण केली त्यांनी.

वैनगंगा:

उशिरा आलो. गडचिरोलीकडून एक जोड देतो. आशा ही कल्पना दिल्लीत एका दिवसात सुचलेली नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बऱ्याचदा अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. आमच्याकडे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने आरोग्यदूत तयार केले आणि घरातल्या नवजात बाळाची काळजी गावातली बाई घेऊ शकते, बालमृत्यू उतरतात, हे मोजून दाखवलं. छत्तीसगडच्या मितानीन, म्हणजे तिथल्या गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, आहेत. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली ती या सगळ्या अनुभवावर. जामखेडने आणि सर्चने त्या बायकांना फक्त निरोप्या केलं नव्हतं, निर्णय घ्यायला शिकवलं होतं. करोनात ज्या आशांना त्यांच्या डॉक्टरांनी 'तू ठरव, मी आहे मागे' म्हटलं तिथे काम झालं. जिथे नुसते फॉर्म भरून मागितले तिथे फॉर्मच भरले गेले.

रानवाटा:

हे सगळं वाचून एक व्यवहाराचा प्रश्न. मी गावात राहत नाही, पण ग्रामसभेला जाऊ शकते. आमचं उपकेंद्र आता 'आरोग्यवर्धिनी' (आताचं नाव 'आयुष्मान आरोग्य मंदिर') झालंय, पाटी नवी आहे. पुढच्या साथीसाठी तिथे काय आहे-नाही हे विचारायचं असेल तर नेमकं काय विचारू?

माणगंगा:

चांगला प्रश्न, आणि विचारणारं कोणी नसतं म्हणूनच बरंच राहून जातं. ताई, हे विचारा. समुदाय आरोग्य अधिकारी, सेविका आणि सेवक ही पदं भरलेली आहेत का, की एकाकडे दोन उपकेंद्रांचा चार्ज आहे. करोनात मिळालेले ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कुठे आहेत आणि चालू आहेत का. कॉन्सन्ट्रेटर चालू करूनच दाखवायला सांगा, नुसते पडून राहिले की बिघडतात. वीज गेली तर लसीच्या पेटीची सोय काय. गावातल्या साठीपुढच्या आणि बीपी-शुगरच्या माणसांची यादी ताजी आहे का, शेवटची कधी केली. करोनात कंत्राटावर घेतलेली माणसं पुढे काढून टाकली, त्यांतली गावातली कोणी असतील तर त्यांचे नंबर लिहून ठेवलेत का. आणि गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे का, तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी असतो, तो मागच्या वर्षी कशावर गेला.

आवाज चढवू नका, सिस्टरला कोंडीत पकडू नका. तिलाही बहुतेक गोष्टी वर मागून मिळालेल्या नसतात. ग्रामसभेच्या ठरावात मागणी लिहून घ्या आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. ठराव असला की तिलाही वर बोलायला बळ येतं.

रानवाटा:

धन्यवाद. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जाणार आहे. काय उत्तरं मिळतात ते इथेच लिहीन.

खडकवासी:

मीही विचारतो आमच्याकडे. दुसऱ्या डॉक्टरचं पद भरलं का, हा पहिला प्रश्न.